गयाबाईचा बार

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. मागच्या दिवाळीआधी तिच्याकडे गेलो होतो, तर एका संध्याकाळी ती मला हौसेनं एका ठिकाणी घेऊन गेली. "बाबा, इथली क्राफ्ट बिअर आणि बार्बेक्यू फार प्रसिद्ध आहे," म्हणाली. क्राफ्ट बिअर म्हणजे काय, ते वेटरनं मला समजावून सांगितलं. थोडी थोडी, निगुतीनं, तिथंच मागच्या बाजूला केलेली. कोंबडी कोणत्या लाकडाच्या धुरावर भाजली तेही सांगितलं. ते लाकूड म्हणे परदेशातून येतं. मी मान डोलावत होतो आणि मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती, बाप दिपला की नाही म्हणून.

बिअर चांगली होती. कोंबडीही वाईट नव्हती. पण मी काही दिपलो नाही, आणि त्याला कारण गयाबाई. गयाबाईच्या बारमध्ये जेवलेल्या माणसाला पुण्यात दिपवणं सोपं नाही. यात थोडी घमेंड आहे, असू द्या. घाटंजीच्या माणसाला घमेंड करायला फार गोष्टी मिळत नाहीत, जी मिळाली ती तरी का सोडावी?

घाटंजीत मी शाळेत विज्ञान शिकवायचो. कापसाचे दिवस वाईट होते. भाव पडलेले, जिनिंगचे कारखाने एकेक करून बंद होत चाललेले, आणि यवतमाळ जिल्हा म्हटलं की बाहेरचा माणूस आधी चेहरा पाडायचा, मग बोलायचा. माझी खोली बाजाराच्या रस्त्यावर, माडीवर. जिना उतरला की समोर 'गया बिअर बार'. हे नाव तिच्या नवऱ्यानं ठेवलेलं. दारूच्या दुकानाला बायकोचं नाव देणारा माणूस घाटंजीनं तोवर पाहिला नव्हता. पुढे तो हृदयविकारानं गेला आणि वारस म्हणून परवाना गयाबाईच्या नावावर आला. लोकांना वाटलं, बाई परवाना भाड्यानं देईल आणि घरी बसेल. दुःखाचे दिवस सरले तशी बाई गल्ल्यामागे येऊन उभी राहिली.

उंच, रुंद हाडाची बाई. पदर खोचलेला, चष्मा काळ्या दोरीनं गळ्यात अडकवलेला. बार चालवणारी बाई म्हणजे मोठ्या आवाजाची असेल असं कोणाला वाटलं तर तो फसला. ती इतकं हळू बोलायची की ऐकायला गिऱ्हाइकाला गप्प बसावं लागे, आणि बार शांत राहायचा तो त्यामुळेच. बिअरचा थेंब तिनं कधी जिभेला लावला नाही. "वास पुरे हाये मले," म्हणायची.

शाळामास्तरनं बारमध्ये जेवावं कसं, हा माझा प्रश्न होता. खानावळीच्या पाणचट वरणानं जीव मेटाकुटीला आलेला, आणि खालून भाजल्या मटणाचा वास खिडकीतून आत यायचा. तो प्रश्न तिनंच सोडवला. एक दिवस जिन्याशी मला गाठून म्हणाली, "सर, तुमी मांगच्या दारानं येत जा. मांगं खानावळ हाये, पुढं बार हाये. मधात मी हाये." त्या दिवसापासून मी मागच्या ओसरीवर, शेगडीच्या शेजारी जेवू लागलो, ते घाटंजी सुटेपर्यंत.

शेगडी हमीदभाईंची. हमीदभाई आधी जिनिंगमध्ये फिटर होते. कारखाना बंद पडला तेव्हा भंगारात निघालेल्या लोखंडातून त्यांनी स्वतःच ही लांबलचक शेगडी जोडली आणि गयाबाईकडे आले. दारूला हात लावणार नाही, बाटली शेगडीजवळ येणार नाही, आणि मटण आपणच आणणार, अशा त्यांच्या अटी. गयाबाईनं बार आणि ओसरी यांच्या मधे विटांची एक ओळ मांडून दिली. गिऱ्हाइकानं बाटली टेबलावर ठेवायची, रिकाम्या हातानं विटांपर्यंत यायचं आणि सळईवरचं गरम मटण ताटलीत घेऊन परत जायचं. कोणी चुकून बाटलीसकट आला की हमीदभाई सळई मागे घेत. "भाऊ, बोतल उधर, तुम इधर. दोन्ही एकदम नाही," एवढंच म्हणत. एकदा एका फौजदारालाही परत पाठवला त्यांनी, आणि फौजदार मुकाट्यानं बाटली ठेवून आला.

त्या मटणाची गोडी कशात होती ते मी रोज शेजारी बसून पाहिलं आहे. निखारे बाभळीच्या कोळशाचे, पण वरून हमीदभाई पऱ्हाटीची वाळकी खुटं टाकत. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. वेचणी संपली की शेतकरी ते उपटून बांधावर टाकतो. त्याचा धूर जरासा कडवट असतो आणि मटणाला असा काही लागतो की मिठाशिवाय दुसरं काही नको वाटावं. ज्या पिकानं सगळा जिल्हा रडवला त्याच्या काड्यांवर आमच्याकडे एवढी चव निघत होती, आणि हे घाटंजीबाहेर कोणाला माहीत नव्हतं.

बिअर मात्र कारखान्याचीच, ट्रकनं येणारी, सगळ्या गावात मिळायची तीच. पण त्या वर्षांत लोडशेडिंगनं दिवसाचा अर्धा वेळ वीज नसायची. बाकीच्या बारमध्ये गरम पाण्यासारखी बिअर प्यावी लागे. गयाबाईनं मागच्या खोलीत जमीन खणून ओल्या वाळूचा वाफा केला होता. बाटल्या मानेपर्यंत वाळूत, वर कापसाच्या गाठींचं ओलं बारदान, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी ती स्वतः शिंपडायची, आमच्या आया माठाशी जेवढ्या मायेनं वागायच्या तेवढ्याच मायेनं. उन्हाळ्यातही बाटली हाताला थंडगार लागायची. पुण्याच्या वेटरनं 'निगुतीनं' हा शब्द उच्चारला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो वाफाच आला.

एकदा मुंबईचे दोन बातमीदार आले. त्या दिवसांत असे पुष्कळ यायचे. खेड्यात जायचे, कोणाचा तरी रडका चेहरा टिपायचे आणि परत जायचे. हे दोघे जेवायला बारमध्ये आले आणि गयाबाईला म्हणाले, इथं दुःखात पिणारे शेतकरी येत असतील, एखाद्याचा फोटो मिळेल का? गयाबाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दोघांना नीट पाहून घेतलं.

"हसता माणूस चालते का तुमाले?" तिनं विचारलं.

ते गोंधळले.

"नाही ना चालत? मंग फोटो राहू द्या, जेवा. आन् जेवून झालं का लिहा, का यवतमाळ जिल्ह्यातले लोकं जेवतात बी. चांगलं जेवतात."

ते खरंच चांगलं जेवले. जाताना फोटोवाल्यानं हमीदभाईंच्या शेगडीचे चार फोटो काढले. छापून आले नाहीत, पण हमीदभाई महिनाभर शर्टाला इस्त्री करून येत होते.

बारमध्ये रडायला मनाई होती. कोणी टेबलावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला की गयाबाई जवळ जाऊन हळूच म्हणायची, "रडाचं असन तं घरी रड बाबू. अठी पैसे देऊन कायले रडतं?" पोटात अन्न नसलेल्याला बाटली मिळत नसे. दुसरी मागितली तर ती "पाह्यतो", म्हणजे बघते, असं म्हणायची, आणि त्या पाह्यतोनंतर बाटली कधीच यायची नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं. ते पाह्यतो ऐकलं की चपला शोधायला लागत.

पण तिचा सगळ्यात मोठा नियम कापसाचा. ज्या दिवशी माणूस कापूस विकून आला असेल त्या दिवशी त्याला बाटली नाही. कापूस विकला की हातात वर्षाची कमाई असते आणि घरी बायकापोरं वाट पाहत असतात. विचारायची तिला गरजच नसे. कापूस भरणाऱ्या-उतरवणाऱ्याच्या कपड्यांना तंतू चिकटतात ते लवकर निघत नाहीत. ती दारातच माणसाला वरपासून खालपर्यंत पाहायची. तंतू दिसला की, "आज घरी जाजो भाऊ. उद्या येजो." सोबत पानात बांधलेलं मटण द्यायची, घरच्यांसाठी. लोक दाराबाहेर कपडे झटकून आत येऊ लागले, तर ही केसांत पाहायची. कानामागे पाहायची. घाटंजीत हा एक खेळच झाला होता, आणि सगळे तिचं कौतुक करायचे. तिलाही ते आवडायचं, हे मी जवळून पाहिलंय. कौतुक झालं की ती उगाच गल्ला पुसायला घ्यायची.

तर सुधाकर नावाचा आमच्याच वॉर्डातला शेतकरी. त्याची बायको प्रमिला अंगणवाडीत सेविका. एका दुपारी सुधाकर कापूस विकून बाजारातूनच नवा शर्ट अंगात घालून आला. घडीच्या रेघा तशाच, कॉलरला टाचणीही तशीच. ऐटीत टेबलाशी बसला. गयाबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"शर्ट नवा घेतला सुधाकरभाऊ, भुवया जुन्याच ठेवल्या?"

सगळा बार हसला. त्याच्या डाव्या भुवईत कापसाचा तंतू लोंबत होता. सुधाकर चिडला. "दुकान तुमीच उघडून बसल्या ना? मंग काहून सांगता मले?"

"उघडून बसली म्हनूनच सांगून राह्यली," गयाबाई म्हणाली. "घरी जा. प्रमिला वाट पाहून राह्यली असन."

सुधाकर उठला, बाहेर पडला, आणि रस्ता ओलांडून समोरच्या बारमध्ये शिरला. तिथं कोणी भुवया पाहत नव्हतं. गयाबाईनं हे दारातून पाहिलं. पानात बांधलेलं मटण तिच्या हातातच राहिलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी वॉर्डातल्या बायकांनी दारूबंदीचा अर्ज केला. पुढे होती प्रमिला. बायकांचं मतदान घ्यायचं ठरलं. कागदावर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तर वॉर्डातले सगळे बार बंद. ज्या घरी बसल्या त्यांचं मत आडवीला मिळालं नाही, म्हणजे बारवाल्यांचाच फायदा.

बायका एकेका बारवाल्याला सांगत निघाल्या. गयाबाईकडे आल्या तेव्हा मी ओसरीवर होतो. त्या पायरीशी थांबल्या, आत कोणी येईना. गयाबाईच बाहेर रस्त्यावर जाऊन त्यांच्यात उभी राहिली.

"बाई, तुमच्यावर आमचा राग नाही," प्रमिला म्हणाली. "तुमचा बार चांगला हाये, सबन घाटंजीले माहीत हाये. पन बंद होतीन तं सबनच होतीन. तुमचा एक ठेवता येत नाही."

"चहा घेता?" गयाबाईनं विचारलं.

रस्त्यावरच उभ्यानं चहा झाला. कप गोळा करता करता गयाबाई म्हणाली, "त्या दिवशी सुधाकर घरी कवा आला होता?"

"दुसऱ्या दिवशी," प्रमिला म्हणाली. "लोकायनं आनला. खिशात काही नव्हतं."

"मी पाठवला तवा ऊन होतं अजून," गयाबाई म्हणाली. कप घेऊन आत गेली.

मग समोरच्या बारचा मालक आला. त्याची आणि हिची कधी बोलचाल नव्हती, पण वेळ आली की माणूस वहिनी म्हणायला शिकतो. "वहिनी," तो म्हणाला, "आपल्या आळीतल्या बायकायले घरी राहाले सांगा, बस. तुमचा शब्द कोनी टाळत नाही. त्या घरी राह्यल्या का तुमचाही बार वाचते, माहाही."

"पाह्यतो," गयाबाई म्हणाली.

तो खूश होऊन गेला. बिचारा तिच्या बारमध्ये कधी बसला नव्हता. तिच्या पाह्यतोचा अर्थ वॉर्डातल्या प्रत्येक पिणाऱ्याला माहीत होता, त्याला एकट्याला नव्हता.

मतदानाच्या दिवशी बारचं शटर खाली होतं. गयाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून सकाळीच निघाली आणि दारोदार जाऊ लागली. समोरच्या मालकानं ते पाहिलं आणि त्याचं मन भरून आलं. बाई आपल्यासाठी उन्हात पायी फिरते, हे काही बरं नाही. त्यानं आपली जीप पाठवून दिली आणि ड्रायव्हरला बजावलं, बाई म्हणेल तिकडे न्यायचं, उलट विचारायचं नाही. ड्रायव्हर आज्ञाधारक होता. गयाबाई एकेका दारात उभी राहून "चला" म्हणे, आणि बायका जीपमध्ये बसत. जीप थेट मतदानाच्या जागी. पुन्हा आळीत. म्हाताऱ्या आल्या, ओल्या बाळंतिणी आल्या, आणि बाहेरच्या कामासाठी कधी उंबरा न ओलांडलेल्या दोघी सासू-सुना आल्या. मालक आपल्या बारसमोर खुर्ची टाकून बसला होता, आणि जीप गेली की समाधानानं मान हलवत होता.

मतदान आमच्या शाळेतच होतं आणि मला शाई लावायला बसवलं होतं. आळीतल्या सगळ्या जणी आत जाऊन आल्यावर शेवटी गयाबाई आली. मी तिच्या बोटाला शाई लावली. या एका शिक्क्यावर तिचं पोट होतं. नवऱ्यानं हौसेनं दिलेलं नाव होतं. हमीदभाईंची शेगडी होती. तिनं मतपत्रिका हातात घेतली, लांब धरून पाहिली, आणि खोलीतल्या शांततेत तिच्या त्या हळू आवाजात मला विचारलं, "सर, आडवी बाटली वरती हाये का खालती? चष्म्याबिगर दिसत नाही मले."

सगळ्या खोलीनं ऐकलं. दारातल्या बायकांनी ऐकलं. मतदान गुप्त असतं, असं पुटपुटत मतदान घेणारे साहेब घाईघाईनं उठले. चष्मा तिच्या गळ्यातच होता. काळ्या दोरीला लोंबत, ठेवणीतल्या लुगड्यावर. मी त्याच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि ती पडद्याआड गेली.

संध्याकाळी मोजणी झाली आणि बाटली आडवी झाली. बायकांनी गुलाल उधळला. समोरचा मालक रस्त्याच्या मधोमध येऊन ओरडला, "वहिनी, आपल्याच पोटावर पाय देल्ला तुमी."

"पोट माह्यं हाये," गयाबाई म्हणाली. "पाय बी माहाच हाये. तुमी कायले ओरडता?" आणि थांबून म्हणाली, "जीप बाकी चांगली हाये तुमची."

दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर बसलो असताना तिला विचारलं, हे का केलंत? तुमच्या बारमुळे कोणाचं वाईट झालं नव्हतं. ती विटांच्या ओळीवर पाय ठेवून उभी होती. "सर," म्हणाली, "लय वर्सं मी सोतालेच शाबासकी देत होती. माह्या बारात असं होत नाही, माह्या बारात तसं होत नाही. आन् माह्या दारातून परत गेलेला मानूस घरी जातच नव्हता. समोर जात होता. मी त्याले घरी नाही पाठवलं, फक्त माह्या दारातून पाठवलं. प्रमिलानं सांगतलं तवा समजलं."

मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पुष्कळ व्यासपीठांवरची भाषणं ऐकली. स्वतःच्या चांगुलपणाचा असा हिशेब उभ्या उभ्या करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तिच्या शेजारी मी राहिलो याचा मला तेव्हाही अभिमान वाटला, आजही वाटतो.

पुढचे महिने कठीण गेले. बाटल्या सरकारजमा झाल्या, गिऱ्हाईक निम्म्याहून कमी झालं. हमीदभाईंनी विटा उचलून शेगडी पुढच्या दारात आणली, कारण बाटलीच गेल्यावर ती पुढे आणायला काही हरकत उरली नव्हती. सुधाकर सुधारला असं मी म्हणणार नाही. तो यवतमाळला जाऊन पिऊन यायचा. पण यवतमाळ लांब आहे, परतीची शेवटची बस लवकर सुटते, आणि तो घरून निघायच्या आत प्रमिला त्याच्या खिशातली रक्कम काढून ठेवू लागली होती. एवढा फरक पडला. तो लहान नाही.

मग माझी बदली झाली. काही वर्षांनी एका कामासाठी घाटंजीला उतरलो, तो नेमका बाजाराचा दिवस होता. पाटीवरचा 'बिअर' रंगानं पुसलेला, 'गया बार' तसाच. रस्त्यावर एक बाई दुसरीला मोठ्यानं सांगत होती, "बाजार करून घे, मी बारात हाये." कोणी वळूनही पाहिलं नाही. आत गेलो तर सगळी टेबलं बायकांनी भरलेली. खेड्यांतून आलेल्या, मजुरीवरून आलेल्या, टोपल्या टेबलाखाली सरकवून सळईवरचं मटण आणि भाकर खात होत्या. मी गल्ल्याकडे पाहिलं. गल्ल्यामागे कोणी नव्हतं.

गयाबाई मधल्या टेबलावर बसली होती. माझ्या सगळ्या घाटंजीच्या दिवसांत मी तिला त्या खोलीत बसलेलं पाहिलं नव्हतं, जेवताना तर नाहीच. आता समोर ताट होतं, दोन्ही बाजूंना अनोळखी बाया होत्या, आणि ती त्यांच्यासारखीच भाकर मोडून खात होती. केस सगळे पांढरे झाले होते.

"या सर," मला पाहून ती म्हणाली, पण उठली नाही.

"गल्ल्यावर कोणी नाही?"

"गल्ला कुठी पळून राह्यला? बसा. मले जेवू द्या पयले."

मी शेजारच्या टेबलावर जागा करून बसलो. ती सावकाश जेवत होती, मधेच शेजारणीला कांदा देत होती, आणि तिचं जेवण होईपर्यंत मी कोणालाच हाक मारली नाही.